गोड लघवीची गोष्ट: सफरचंदाच्या मुळापासून आत्याच्या गोळीपर्यंत

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली अडखळ काढून टाकलीय, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, दिवसभर कोड लिहितो. पण घरातल्या तीन जणांच्या शुगरच्या गोळ्या दर महिन्याला माझ्याच फोनवरून ऑर्डर होतात, त्यामुळे गोळ्यांची नावं पाठ झालीत. आजचा विषय त्यातल्याच एका गोळीचा इतिहास. आणि तो मला का शोधावासा वाटला, ते आधी सांगतो. आत्या आणि काका दोघांनाही विचारूनच सांगतोय.

मागच्या दिवाळीत आत्या आमच्याकडे आली होती. फराळ करताना धड बसत नव्हती, सारखी उठून आत जायची. शेवटी तिसऱ्या दिवशी तिने आईला हळूच सांगितलं, "वहिनी, खाली फार आग होतेय गं, खाज थांबत नाही." किती दिवस? तीन आठवडे! तीन आठवडे ती अँटिसेप्टिक टाकलेल्या पाण्याने धुवत होती आणि कोणाला काही बोलली नव्हती. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्यांची यादी बघितली, एका नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हिच्यामुळे होतं असं कधी कधी. बुरशी आहे. आधी का नाही आलात?" मलम आणि एक कॅप्सूल, आठवड्याभरात आत्या बरी.

मी उत्साहाच्या भरात हे घरच्या ग्रुपवर टाकलं. तर कोणीतरी त्याखाली एक फॉरवर्ड चिकटवला: "मांस सडवणारी शुगरची गोळी". आणि आमच्या काकांनी, जे हीच गोळी हृदयासाठी घेतात, ती त्याच दिवशी बंद केली. कोणाला न विचारता. मी फोन केला तर म्हणाले, "अरे, बारा जणांचं सडलं म्हणतायत. मी तेरावा कशाला होऊ?"

एकाच घरात, एकाच गोळीवरून दोन माणसं. एक सांगायला लाजली, दुसरा घाबरून थांबला. चूक दोघांचीही नाही म्हणा, कारण आम्हा कोणालाच नीट माहिती नव्हती. म्हणून मी वाचत बसलो. आणि मंडळी, ही गोष्ट निघाली जवळजवळ दोनशे वर्षांची.

लघवी गोड असते, हे कळलं कसं?

आपला शब्दच बघा ना. मधुमेह. मधु म्हणजे मध, मेह म्हणजे लघवीचा विकार. चरक-सुश्रुतांच्या परंपरेत हा आजार लघवीवरून ओळखला जायचा, आणि त्या लघवीकडे मुंग्या धावतात हेही आपल्याकडच्या वैद्यांना ठाऊक होतं. युरोपात १६७४ मध्ये थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने रुग्णाची लघवी मधासारखी गोड लागते असं लिहिलं. लागते म्हणजे, हो, चाखून. पुढे १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने लघवी आटवून दाखवली. तळाला जे उरलं ते दिसायला आणि चवीला साखरच होतं.

म्हणजे कित्येक शतकं "लघवीत साखर" ही वाईट बातमी होती. आजाराची खूण. लघवीतली साखर गेली की पेशंट सुधारला, असं सरळ गणित होतं. हे डोक्यात ठेवा, कारण पुढे हेच गणित उलटं होणार आहे.

सफरचंदाचं मूळ

१८३५. बेल्जियममधले दोन रसायनशास्त्रज्ञ, द कोनिंक आणि स्टास, सफरचंदाच्या झाडाच्या मुळांची साल तपासत होते. त्यातून त्यांना एक कडू पदार्थ मिळाला. त्याला नाव पडलं फ्लोरिझिन. ग्रीक भाषेत फ्लोइऑस म्हणजे साल आणि रिझा म्हणजे मूळ. त्या काळात तापावर सिंकोनाची साल दिली जायची, तीही कडू. म्हणून हे कडू औषधसुद्धा तापावर चालेल अशी लोकांना आशा होती. कडू म्हणजे गुणकारी, हे फक्त आपल्या आज्यांचंच मत नव्हतं बरं का!

तापावर काही ते टिकलं नाही. पण १८८६ मध्ये योसेफ फॉन मेरिंग या जर्मन डॉक्टरने ते कुत्र्यांना दिलं, आणि कुत्र्यांच्या लघवीतून साखर यायला लागली. भरपूर साखर. गंमत अशी की रक्तातली साखर वाढलेली नव्हती. म्हणजे साखर जास्त झाली म्हणून सांडत नव्हती, बांधच फोडला होता.

याच फॉन मेरिंगने तीन वर्षांनी, १८८९ मध्ये, ऑस्कर मिंकोव्स्कीबरोबर स्ट्रासबुर्गला कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला खराखुरा मधुमेह झालेला पाहिला. तिथून जो रस्ता निघाला तो १९२१ मध्ये टोरंटोत इन्शुलिनपर्यंत पोचला. साहजिकच सगळं जग त्या रस्त्याने गेलं. फ्लोरिझिन मागे पडलं, प्रयोगशाळेतलं एक हत्यार म्हणून उरलं. मूत्रपिंड साखरेचं काय करतं हे शोधायला शास्त्रज्ञ ते वापरायचे.

मूत्रपिंडाचा हिशेब

आता थोडा हिशेब. आपली मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यात दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम साखर असते. पण निरोगी माणसाच्या लघवीत साखर जवळजवळ नसतेच, कारण ती सगळी परत आत ओढून घेतली जाते. हे ओढण्याचं काम करणारे वाहक असतात. त्यांच्यातला मुख्य वाहक म्हणजे एसजीएलटी-२. साधारण नव्वद टक्के साखर तो एकटा परत आणतो.

फ्लोरिझिन या वाहकाला अडवतं. पण आतड्यातल्या त्याच्या भावालाही, एसजीएलटी-१ ला, अडवतं, आणि तोंडाने घेतलं तर आतड्यातच त्याचे तुकडे होतात. म्हणून गोळी काही बनेना. तरी १९८७ मध्ये अमेरिकेत रॉसेटी, डीफ्रॉन्झो आणि सहकाऱ्यांनी मधुमेही उंदरांना फ्लोरिझिन टोचून दाखवलं की साखर लघवीवाटे काढून टाकली तर उंदरांचं शरीर इन्शुलिनला पुन्हा नीट प्रतिसाद देऊ लागतं. गणित उलटलं ते इथे. लघवीतली साखर, जी हजारो वर्षं आजाराची खूण होती, तीच आता उपाय ठरायला लागली.

मग औषध कंपन्यांनी त्या रेणूला घासून-पुसून फक्त एसजीएलटी-२ ला अडवणारे रेणू बनवले. डॅपाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. नावाच्या शेवटचं "फ्लोझिन" ऐका. १८३५ ची सफरचंदाची साल अजून त्यात आहे.

ही गोळी घेतली की मधुमेही माणसाच्या लघवीतून दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम साखर जाते. म्हणजे चहाचे पंधरा-एक चमचे! आणि आता माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला जो प्रश्न पडतो तो पडायलाच हवा. साखर शरीरातून गेली, ठीक. पण जाते कुठून? आणि त्या वाटेवर कोण बसलंय?

वाटेवरची बुरशी

त्या वाटेवर कॅन्डिडा नावाचं यीस्ट असतं. आपल्या सगळ्यांच्या अंगावर थोडंफार असतंच. त्याला साखर आवडते. डॉब्सनने १७७६ मध्ये जे भांड्याच्या तळाला पाहिलं, ते रोज त्या नाजूक जागी थोडं थोडं लागत राहिलं तर यीस्टला आयतं जेवण मिळतं. म्हणून या गोळीचा सगळ्यांत ठरलेला त्रास म्हणजे जननेंद्रियाच्या जागी बुरशी. एम्पाग्लिफ्लोझिनच्या २०१५ च्या मोठ्या चाचणीत असा संसर्ग गोळी घेणाऱ्यांपैकी ६.४ टक्क्यांना झाला, नकली गोळीवाल्यांपैकी १.८ टक्क्यांना. बायकांना जास्त, पुरुषांनाही होतो. बहुतेक वेळा मलमाने बरा होतो.

इथे एक लक्षात घ्या. आपण "साइड इफेक्ट" म्हणतो, म्हणजे औषधाचं काम एकीकडे आणि त्रास दुसरीकडे. इथे तसं नाहीये. लघवी गोड होणं हेच औषधाचं काम आहे, आणि आत्याचा त्रास त्याच कामातून आलाय. आमच्या भाषेत सांगायचं तर हा बग नाही, फीचरच आहे. म्हणूनच तो आधी सांगता येतो. आणि आधी सांगायला हवा.

लघवीच्या मार्गातल्या जंतुसंसर्गाचं मात्र तितकं सरळ नाही. साखर वाढली म्हणजे तोही भरपूर वाढेल असं कोणालाही वाटेल. पण मोठ्या चाचण्यांत तशी फार वाढ दिसली नाही. तरी अमेरिकेच्या एफडीएने (आपली बांद्र्याची नव्हे) डिसेंबर २०१५ मध्ये इशारा दिला. मार्च २०१३ ते ऑक्टोबर २०१४ या काळात लघवीतला संसर्ग मूत्रपिंडात किंवा रक्तात पसरल्याच्या १९ गंभीर घटना त्यांच्या नोंदीत सापडल्या होत्या. सगळ्यांना इस्पितळात दाखल व्हावं लागलं होतं.

पॅरिसचा डॉक्टर आणि बारा माणसं

आता तो फॉरवर्ड. तो खोटा होता का? नाही. अर्धवट होता.

१८८३ मध्ये पॅरिसच्या जाँ आल्फ्रेद फूर्निए या डॉक्टरने पाच तरुण पुरुषांचं वर्णन केलं. आधी धडधाकट, आणि अचानक जननेंद्रियाच्या भागातलं मांस सडायला लागलं. फूर्निए गुप्तरोगांचे डॉक्टर होते. म्हणजे ज्या आजारांबद्दल लोक बोलत नाहीत, त्यांच्याबद्दल बोलणं हाच त्यांचा पेशा. या आजाराला त्यांचं नाव मिळालं, फूर्निए गँगरीन. फूर्निएंना तेव्हा कारण सापडलं नव्हतं. आज कळतं की अनेक प्रकारचे जीवाणू मिळून त्वचेखालचे थर खात जातात, आणि ज्यांना तो होतो त्यांच्यात मधुमेही खूप असतात. गोळी असो वा नसो. उपचार म्हणजे तातडीने शस्त्रक्रिया आणि अँटिबायोटिक. इथे तास मोजावे लागतात, दिवस नाही.

२९ ऑगस्ट २०१८ ला एफडीएने जाहीर केलं की मार्च २०१३ ते मे २०१८ या काळात फ्लोझिन घेणाऱ्यांमध्ये फूर्निए गँगरीनच्या १२ घटना नोंदल्या गेल्या. सात पुरुष, पाच बायका. सगळे इस्पितळात, सगळ्यांवर शस्त्रक्रिया, एकाचा मृत्यू. आणि मधुमेहाच्या बाकीच्या सगळ्या औषधांच्या गटांमध्ये? तीस वर्षांहून जास्त काळात फक्त सहा, आणि ते सगळे पुरुष. पाच वर्षांत बारा विरुद्ध तीस वर्षांत सहा. काकांचे बारा ते हेच.

आकडा ऐकून पोटात गोळा येतो, खरंय. पण त्याच पत्रकात दुसरा आकडा होता. एकट्या २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे १७ लाख लोकांनी ही औषधं मेडिकलमधून नेली होती. भागाकार करायचा तर खालची संख्याही घ्यायला हवी ना! फॉरवर्डमध्ये वरची होती, खालची गाळली होती.

२०१९ मध्ये एफडीएच्याच लोकांनी नोंदी पुन्हा चाळल्या. जानेवारी २०१९ पर्यंत फ्लोझिनवाल्यांच्या ५५ घटना, आणि बाकी औषधांच्या १९८४ पासून १९. गोळी सुरू केल्यापासून कोणाला पाचव्या दिवशी झालं, कोणाला चार वर्षांनी. तिघे दगावले. संशय आणखी पक्का झाला म्हणायचा का?

थांबा. या नोंदी येतात कशा? कोणीतरी डॉक्टर किंवा पेशंट आपणहून कळवतो तेव्हा. नवीन औषध असलं की लोक जास्त कळवतात. बातमी आली की आणखी जास्त. जुन्या औषधावर तोच आजार झाला तर "मधुमेह आहे, होतं असं" म्हणून कोणी फॉर्म भरत नाही. आमच्याकडेही असंच असतं. ज्या ॲपवर तक्रारी जास्त, ते ॲप जास्त बिघडलेलं असेलच असं नाही. कदाचित तिथे तक्रारीचं बटण ठळक असेल.

म्हणून दुसऱ्या बाजूनेही बघावं लागतं. डॅपाग्लिफ्लोझिनच्या एका चाचणीत १७,१६० मधुमेही लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटून साधारण चार वर्षं पाहिलं होतं. फूर्निए गँगरीन किती जणांना झाला? सहा. त्यातला गोळीच्या गटात एक आणि नकली गोळीच्या गटात पाच!

याचा अर्थ गोळी वाचवते असा नाही. सहा घटनांवरून काही सिद्ध होत नाही, ना इकडचं ना तिकडचं. इतका विरळ आजार सतरा हजारांतही नीट मोजता येत नाही. पण एवढं दिसतं, की धोका असलाच तरी तो फार छोटा आहे, आणि मुळात मधुमेहाचा स्वतःचाच धोका त्यात मिसळलेला आहे. एफडीएने इशारा लेबलवर कायम ठेवला, आणि औषध बाजारात कायम ठेवलं. मला आधी हे दोन्ही एकत्र कसं, कळत नव्हतं. आता कळतं. विरळ म्हणजे नाहीच, असं नसतं.

दुसऱ्या पारड्यात काय आहे

काकांची गोष्ट राहिली. २०१५ च्या त्याच एम्पाग्लिफ्लोझिन चाचणीत, जिथे ७,०२० जण होते, हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले. शुगरच्या गोळीकडून ही अपेक्षा कोणी केली नव्हती. २०१९ मध्ये हृदय कमजोर झालेल्या ४,७४४ लोकांवर डॅपाग्लिफ्लोझिन वापरलं, त्यातल्या अर्ध्याहून जास्त लोकांना मधुमेह नव्हताच. आजार बळावणं किंवा हृदयाच्या कारणाने मृत्यू, हे २६ टक्क्यांनी कमी झालं. म्हणून काकांच्या डॉक्टरांनी त्यांना ती दिली होती.

काकांनी गोळी बंद केल्यावर तीन आठवड्यांनी त्यांचे पाय सुजले, रात्री झोपलं की धाप लागायची. एका रात्री दोन वाजता आम्ही त्यांना घेऊन पळालो. चार दिवस दाखल होते. गोळी थांबवल्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, एका माणसावरून तसं ठरवता येत नाही, हे तर आत्ताच बोललो. पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच: "गोळ्या चालू आहेत ना सगळ्या?" काका खाली बघत राहिले.

मग करायचं काय?

भारतात डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. साठ रुपयांच्या आसपास मिळणारी गोळी दहा रुपयांच्या आसपास आली. देशात मधुमेही दहा कोटींच्या वर आहेत, तेव्हा ही गोळी आता गावोगावच्या घरांत पोचणार. चांगलंच आहे. पण गोळीबरोबर दोन वाक्यंही पोचायला हवीत. ती आमच्या आत्याला कोणी सांगितली नव्हती, म्हणून मी इथे सांगतो.

पहिलं: ही गोळी घेताना खाली खाज, आग, पांढरं जाणं असं काही झालं तर लाजू नका, त्याच आठवड्यात दाखवा. तुमच्या अस्वच्छतेमुळे झालेलं नाही, लघवी गोड झाल्यामुळे झालंय. जागा साध्या पाण्याने स्वच्छ आणि कोरडी ठेवा.

दुसरं: त्या भागात किंवा गुदद्वारापर्यंतच्या भागात दुखणं, लाली, सूज आणि सोबत १०० च्या वर ताप किंवा अंगात त्राण नसणं, असं झालं तर सकाळची वाट बघू नका. थेट इस्पितळ, आणि कोणती गोळी चालू आहे ते सांगा.

आणि गोळी थांबवायची की नाही, हे ग्रुपवर ठरवायचं नाही. डॉक्टरांनाच विचारायचं. उलट्या होत असतील, जेवण जात नसेल, ऑपरेशन ठरलं असेल, तेव्हा तर नक्की विचारायचं, कारण अशा वेळी ते स्वतःच काही दिवस थांबवायला सांगू शकतात.

शेवटची एक गोष्ट. अमेरिकेला ते बारा जण कळले, कारण बारा वेळा कोणीतरी बसून फॉर्म भरला. आपल्याकडेही ती सोय आहे. २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, त्याचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. फक्त डॉक्टरच नाही, पेशंटही कळवू शकतो. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अरे बाळा, हे असलं फोनवर कोणाला सांगू?"

मी म्हटलं, "आत्या, तू तीन आठवडे आम्हालाही नाही सांगितलंस."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लाव फोन. पण तू बाहेर जा."

तर मंडळी, तुमच्या घरात कोण ही गोळी घेतं, आज विचारा. गोळीचं पाकीट उलटं करा, "फ्लोझिन" दिसलं तर हा भाग त्यांना ऐकवा, नाहीतर वाचून दाखवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.